जिनत्स: झऱ्याकाठचे देऊळ आणि त्याची दैवते

उत्तर चीनमधील शान्शी प्रांतात, ताययुआन शहराच्या नैर्ऋत्येस, डोंगराच्या पायथ्याशी जिनत्स हे प्राचीन देवस्थान आहे. जिन नदी इथल्याच झऱ्यांतून उगम पावते, आणि देवस्थानाची सारी कथा या पाण्याभोवती फिरते.

पहिले दैवत मात्र राजघराण्यातले होते. प्राचीन चीनवर राज्य करणाऱ्या चौ वंशाचा बालराजा छंग याने खेळता खेळता झाडाचे पान राजचिन्हाच्या आकारात कापून धाकट्या भावाच्या हाती दिले आणि तुला जहागीर दिली, असे म्हटले. राजाच्या तोंडचा शब्द थट्टेवारी नेता येत नाही, असे दरबारी इतिहासकाराने बजावले, आणि त्या भावाला, शू यूला, खरोखरच थांगची जहागीर मिळाली, अशी आख्यायिका आहे. त्याचेच वंशज पुढे जिन राज्याचे अधिपती झाले. सहाव्या शतकातील भूगोलकार ली दाओयुआन इथे शू यूचेच देऊळ नोंदवतो. 617 साली ली युआनने तत्कालीन सुई घराण्याविरुद्धच्या उठावापूर्वी इथेच साकडे घातले आणि पुढच्या वर्षी थांग घराणे स्थापन केले. त्याचा मुलगा थायत्सुंग याने 646 साली त्या कृपेची आठवण म्हणून स्वतःच्या अक्षरांतील शिलालेख उभारला.

979 मध्ये सोंग घराण्याच्या सम्राटाने जवळचे राजधानीचे शहर जिनयांग जिंकून आधी जाळले, मग नद्यांचे पाणी सोडून बुडवले. राजधानी गेली, पण शेते राहिली, आणि शेतांना पाऊस हवा होता. 1023 ते 1032 या काळात झऱ्याजवळ पवित्र मातेचे भव्य देऊळ उभे राहिले. पावसाच्या नवसाला पावते म्हणून दरबाराने तिला पदवीही दिली. शू यूलाही राजेपद बहाल झाले, तरी मानाची जागा मातेकडे गेली. ही माता म्हणजे शू यूची आई यी च्यांग, असे पुढे छिंग घराण्याच्या काळातील (1644 ते 1912) विद्वानांनी ठरवले. आमच्या मते शेतकऱ्यांसाठी ती आधीपासून पाण्याचीच देवी होती.

मातेभोवती रंगवलेल्या मातीच्या दासींच्या मूर्ती आहेत. त्यांतील एका गायिकेचा चेहरा एका बाजूने हसरा दिसतो, तर दुसऱ्या बाजूने तिचे डोळे रडून सुजल्यासारखे वाटतात. क्षणभर थांबून दोन्ही बाजूंनी पाहावी, अशी ही मूर्ती आहे.

लोकांची आणखी एक देवी शेजारीच आहे. सासुरवासात लांबून पाणी वाहणाऱ्या एका सुनेने वाटेत एका घोडेस्वाराला पाणी पाजले, तेव्हा त्याने तिला एक चाबूक दिला. तो रांजणात ठेवून जरासा वर उचलला, की रांजण भरत असे. ती माहेरी गेली असताना घरच्यांनी चाबूक पार बाहेर ओढला आणि पूर लोटला. वेणीफणी अर्धवट टाकून ती धावत आली आणि रांजणावर बसली. तिच्याखालून संथ वाहू लागलेले पाणी म्हणजे इथला नानलाओ, म्हणजे कधीही म्हातारा न होणारा, झरा. 1563 साली या झऱ्याजवळ तिच्यासाठी बांधलेल्या जलमातेच्या देवळात ती आजही रांजणावर बसलेली आहे, आणि शू यूचे देऊळ त्याच आवारात उत्तरेच्या बाजूला आहे.