ताईने खाली बसून बोलावं

नमस्कार श्रोतेहो.

जून उजाडला की अंगणवाडी आणि बालवाडीच्या दाराशी रडारड सुरू होते. तीन-साडेतीन वर्षांचं मूल आईचा पदर सोडत नाही, आईचाही पाय निघत नाही. अशा वेळी 'त्याचं लक्ष नाही तोवर तुम्ही हळूच सटका' असा सल्ला आईला हमखास मिळतो. तो देऊ नका. मुलाने वळून पाहिलं आणि आई नाहीच, असं एकदा झालं की दुसऱ्या दिवशी ते घरातूनच रडत निघतं. मग त्याची नजर खेळण्यांवर ठरत नाही, दारावरच खिळून राहते. आईने सांगून जावं, 'खाऊ खाऊन झाला की मी येते,' आणि खरोखर तेव्हाच यावं. या वयात घड्याळ कळत नाही, खाऊ मात्र कळतो. पहिले दोन-तीन दिवस अर्धा तास, मग तासभर, आणि दुसऱ्या आठवड्यात पूर्ण वेळ, अशी सवय लावली तर बहुतेक मुलं रुळतात.

ताईने काय करायचं? खाली बसायचं. मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर यायचं, त्याला घरच्या लाडक्या नावाने हाक मारायची आणि त्याच्या हाती एखादं काम द्यायचं. 'वाट्या मांडायला येतेस?' एवढंच. 'का रडतेस, काय झालं?' या प्रश्नांना त्या मुलीकडे उत्तर नसतं, त्यामुळे रडू वाढतं. वाट्या मांडताना हात गुंततात, आणि हात गुंतले की हुंदके हळूहळू ओसरतात. आणि 'गप बस, नाहीतर पोलीस नेईल' हे वाक्य बालवाडीच्या उंबऱ्याच्या आत येताच कामा नये.

शिक्षिकेची माया म्हणजे लाड नव्हेत. ती अशा बारीकसारीक, रोज न चुकता केलेल्या गोष्टींत असते. महाराष्ट्रात हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञांनी करून दाखवलं. १९४५ साली त्यांनी डहाणू तालुक्यात, समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. आंघोळ घालणं, केस विंचरणं, नखं कापणं हाच तिथला पहिला धडा होता. पुढे त्याच तालुक्यातल्या कोसबादच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम सुरू झालं, तेव्हा मोठ्या मुली कडेवर धाकटं भावंड घेऊन येत. त्यांना परत पाठवलं असतं तर मुलीची शाळा तिथेच संपली असती. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, तीच विकासवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा माळावर गेली, ती कुरणशाळा. मूल का येत नाही याचं कारण आधी शोधायचं आणि मग शाळा बदलायची, हा क्रम आजही शिकण्यासारखा आहे. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हळूहळू देशभर पोचली.

आता भाषेविषयी, आणि इथे थोडं थांबायला हवं. वारली, पावरी, गोंडी बोलणारं मूल बालवाडीत येतं ते बोलकंच असतं. त्याने घरचा शब्द उच्चारला आणि वर्गात हशा पिकला, तर ते मूल महिनोन् महिने तोंड उघडत नाही. मग त्याची नोंद 'अबोल', 'मठ्ठ' अशी होते आणि हा शिक्का पहिलीतही सोबत जातो. ताईने त्याचा शब्द आधी स्वतः म्हणावा, सगळ्यांना म्हणायला लावावा, मग शेजारी मराठी शब्द ठेवावा. व्याकरणाचंही तसंच. मूल म्हणालं, 'कुत्रा आली,' तर 'चुकलं' म्हणू नये. 'हो का, कुत्रा आला? कुठून आला?' असं म्हणावं. मुलाला बरोबर रूप ऐकू येतं आणि बोलणंही तुटत नाही. प्रश्न विचारल्यावर मनात पाच आकडे मोजून मगच पुढे जावं. लहान मुलाला शब्द जुळवायला तेवढा वेळ लागतोच, आणि घाईत उत्तर नेहमी त्याच दोन धीट मुलांकडून येतं.

याचा परिणाम किती टिकतो? अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी गावात १९६२ पासून गरीब घरांतल्या १२३ मुलांचा अभ्यास झाला. त्यातल्या ५८ मुलांना तिसऱ्या-चौथ्या वर्षी बालशाळा मिळाली. रोज अडीच तास शाळा, आणि आठवड्यातून एकदा शिक्षिका दीड तास घरी जाऊन आई आणि मुलासोबत बसे. बुद्धिमापनात दिसलेली आघाडी काही वर्षांत विरून गेली. पण चाळिशीला पोचल्यावर, बालशाळा न मिळालेल्यांच्या तुलनेत, या मुलांपैकी अधिक जण शाळा पूर्ण करून नोकरीत टिकलेले होते आणि कमी जणांना अटक झाली होती. अंगणवाडी सेविकेची गृहभेट रजिस्टरात सही उरकण्यापुरती का नसावी, ते यावरून कळतं. घरी गेल्यावर तक्रार सांगू नका. 'आज तिने स्वतः चप्पल घातली,' असं आईला मुलीसमोर सांगा.

पालकांचा एक आग्रह मात्र ताईंनी नम्रपणे नाकारावा. चौथ्या वर्षी पाटीवर अ-आ गिरवून घेण्याचा. बोटांचे स्नायू अजून तयार नसतात, त्यामुळे मूल खडू मुठीत धरून दाबतं, दमतं आणि लिहिण्याचा कंटाळा तिथेच बसतो. त्याआधी चिखल मळू द्या, कागद फाडू द्या, दोऱ्यात फुलं ओवू द्या, ओल्या वाळूत रेघा मारू द्या. खडू द्यायचाच तर बोटाच्या पेराएवढा तुकडा द्या. तो मुठीत धरता येत नाही, आपोआप तीन बोटांच्या चिमटीत येतो. आकड्यांचंही असंच. वीसपर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला 'चार चिंचोके दे' म्हणा, मूठभर देईल. एक चिंचोका, एक बोट, एक आकडा, असं पाचपर्यंत पक्कं झालं की पुढे जावं. वाटाणे, हरभरे मात्र नकोत, मुलं ते नाकात घालतात. चिंचोकेसुद्धा ताईच्या नजरेसमोरच, आणि तीन वर्षांखालचं भावंड जवळ असेल तर तेही नकोत.

सहाव्या वर्षी मूल पहिलीत जातं, तिथे ही सगळी मेहनत एका दिवसात वाया जाऊ शकते. म्हणून एप्रिलमध्येच ताईने मुलांना दोन-तीनदा प्राथमिक शाळेत न्यावं. वर्ग, पाण्याची टाकी, स्वच्छतागृह दाखवावं, नव्या बाईंच्या शेजारी बसून एखादं बडबडगीत म्हणावं. आणि प्रत्येक मुलाविषयी बाईंना चार ओळी लिहून द्याव्यात: घरचं नाव काय, घरची भाषा कोणती, कशाला घाबरतं, आणि रडू आलं तर काय केलं की शांत होतं.

नमस्कार.