रेडॉनचा पाइप बसवण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार. न्यू जर्सीत राहणाऱ्या, नवं घर घेणाऱ्या मराठी मंडळींशी आज रेडॉन या किरणोत्सर्गी वायूबद्दल बोलायचं आहे. घरातल्या हवेच्या टेस्टमध्ये लिटरला ४ पिकोक्युरी (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) किंवा जास्त आलं, म्हणजे उपाय करायची वेळ आली, की आपण लगेच पाइप बसवायला स्वस्त माणूस शोधू लागतो. मला काळजी वाटते ती तिथेच.

हा वायू जमिनीतल्या युरेनियमपासून तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. अमेरिकेत दरवर्षी सुमारे २१,००० माणसं त्याच्यामुळे फुप्फुसाच्या कर्करोगाने दगावतात, असा ईपीएचा, म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा, अंदाज आहे. १९८४ साली शेजारच्या पेनसिल्व्हेनियात अणुवीज प्रकल्पावरचा एक इंजिनियर दारातल्या किरणोत्सर्ग तपासणाऱ्या यंत्रापाशी आला की अलार्म वाजायचा. शोध घेतला, तर दोष प्रकल्पात नव्हता, त्याच्या घरातल्या रेडॉनचा होता! त्या घराखालच्या युरेनियम असलेल्या खडकाचा पट्टा आपल्या उत्तर न्यू जर्सीतूनही जातो.

उपाय दिसायला सोपा आहे. बेसमेंटच्या फरशीला भोक पाडायचं, पाइप घालायचा, आणि फॅनने खालचा वायू ओढून छपरावर सोडायचा. पण फॅनच्या पुढच्या पाइपात वायू दाबाखाली असतो. फॅन बेसमेंटमध्येच बसवला आणि पुढचा एखादा सांधा सैल राहिला, तर तोच रेडॉन जोराने घरात येतो. म्हणून फॅन माळ्यावर किंवा घराबाहेरच हवा, आणि पाइपाचं तोंड खिडकीपासून लांब. हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हाती ड्रिल देऊ नका.

म्हणूनच आपल्या राज्यात पैसे घेऊन हे काम करणाऱ्याला डीईपीचं, म्हणजे राज्याच्या पर्यावरण खात्याचं, सर्टिफिकेशन लागतं. घरदुरुस्तीचं साधं रजिस्ट्रेशन त्याऐवजी चालत नाही. मोजणीचं सर्टिफिकेशन वेगळं, दुरुस्तीचं वेगळं. नाव डीईपीच्या यादीत आहे का, ते स्वतः बघा.

शिवाय टाऊनशिपचं परमिट. बिल्डिंगच्या अर्जावर रेडॉनसाठी वेगळा रकानाच आहे. फॅनच्या वायरिंगसाठी इलेक्ट्रिकल अर्ज. "परमिट कशाला, उगाच खर्च," असं कुणी म्हणालं, तर तो इन्स्पेक्टरला टाळतोय असं मी तरी समजेन.

फॅन सुरू झाल्यावर निदान २४ तास थांबून पुन्हा टेस्ट करा, शक्यतो दुसऱ्या कंपनीकडून. रिपोर्ट जपून ठेवा. घर विकताना करार होईल तेव्हा तो खरेदीदाराला द्यावा लागतो, तसा इथला कायदाच आहे. आणि आज तुम्ही घर घेत असाल, तर विकणाऱ्याकडे तो हक्काने मागा.