अंधारातली वही

(दृश्य : टेबलावर उघडी वही. बॉलपेनने लिहिलेल्या मोठ्या, तिरक्या ओळी.)

हे पान अंधारात लिहिलंय. अक्षर मोठं आहे, ओळी उताराला लागल्यात. खाली एका ठिकाणी दोन ओळी एकमेकींवर चढल्यात आणि त्यांतला एक संवाद कायमचा गेलाय. डाव्या समासात तीन उभ्या रेघा दिसतात, त्यांच्याकडे आपण नंतर येऊ. तारीख १९ सप्टेंबर २०२५, शुक्रवार. चित्रपट आहे रोहन परशुराम कानवडे यांचा 'साबर बोंडं'.

ही वही आहे वर्तमानपत्रात लिहिणाऱ्या एका चित्रपट समीक्षक बाईंची. शनिवारच्या अंकात त्यांचं जे परीक्षण छापून येतं, ते या पानातून निघतं.

(दृश्य : चित्रपटगृहाची लॉबी. दोन पोस्टर शेजारी शेजारी.)

या दोन चित्रपटांमध्ये एका आठवड्याचं अंतर आहे. १२ सप्टेंबरला आला सुबोध खानोलकर यांचा 'दशावतार'. त्यात वयाच्या ८१व्या वर्षी दिलीप प्रभावळकर कोकणातल्या दशावतारी कलावंताच्या, बाबुलीच्या भूमिकेत आहेत. १९ला आला 'साबर बोंडं'. २०२५च्याच जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळवून तो आलाय. एकाचा पडदा सतत हलता, वेशभूषेने, वाद्यांनी आणि जंगलाने भरलेला. दुसऱ्यात कॅमेरा बराच वेळ जागचा हलत नाही आणि पार्श्वसंगीत नाही.

समजा दोघांनाही साडेतीन तारे दिले. वाचकाला काय कळलं? कोकणातल्या खाणीची आणि सूडाची गोष्ट बघायला निघालेल्या माणसाला आणि वडील गेल्यावर दहा दिवस गावी अडकलेल्या मुलाची गोष्ट बघायला निघालेल्या माणसाला तोच आकडा मिळाला. म्हणून या समीक्षकांच्या वहीत ताऱ्यांना जागा नाही. वर्तमानपत्र मागतं, म्हणून तारे द्यावे लागतात. पण ते सगळ्यात शेवटी, मजकूर पूर्ण झाल्यावर.

(दृश्य : रिकामं प्रेक्षागृह. दिवे लागलेले. रांगांमधून पुढे जाणारी पावलं.)

खेळ सुरू व्हायच्या वीस मिनिटं आधी त्या आत येतात. जागा ठरलेली असते : पडद्यापासून दोन तृतीयांश अंतरावर, मधल्या खुर्च्यांपैकी एक. पुढे बसलं तर चौकटीच्या कडा नजरेतून निसटतात. शेवटच्या रांगेत मागच्या भिंतीवरचे स्पीकर कानाजवळ येतात आणि पावसाचा, गर्दीचा आवाज संवादांवर चढतो. कडेला बसलं तर एकाच बाजूचा स्पीकर जास्त ऐकू येतो. पूर्ण भरलेल्या खेळात मधली जागा हवी तर तिकीट बुधवारीच काढावं लागतं.

ट्रेलर त्या बघत नाहीत. ट्रेलरमध्ये सगळ्यात जोरकस क्षण आधीच दिसून जातो, आणि मग चित्रपटात तो क्षण नीट उभा राहिला की नाही हे तपासताच येत नाही. मन आधीच तयार झालेलं असतं.

(दृश्य : पर्समधून वही, दोन पेनं आणि रेडियमचे काटे असलेलं मनगटी घड्याळ बाहेर येतं.)

वही तळहातापेक्षा थोडी मोठी, वरून उलटणारी. कडेला शिवलेली वही मांडीवर सपाट राहत नाही. पेन बॉलपेनच. जेलची शाई ओली असताना बोट फिरलं की ओळ पुसते, आणि शिसपेन्सिलीचं टोक पहिल्या तासात बोथट होतं. दिव्याचं पेन मिळतं, पण त्याच्या उजेडाने शेजाऱ्याला त्रास होतो आणि स्वतःचे डोळेही अंधाराला सरावत नाहीत. मोबाइल एअरप्लेन मोडवर, पर्सच्या तळाशी.

लिहायची रीत अशी. डाव्या हाताचा अंगठा ओळ संपली तिथे ठेवायचा, पुढची ओळ अंगठ्याच्या खालून सुरू करायची. एका पानावर सहा-सात ओळी झाल्या की पान उलटायचं. जागा शिल्लक आहे की नाही, हे बघायचंच नाही. मघाशी पाहिलेल्या त्या दोन चढलेल्या ओळी म्हणजे अंगठा हलल्याचा पुरावा.

(दृश्य : पानाचा अगदी जवळून घेतलेला भाग. समासातली अक्षरं.)

समासात एकेक अक्षर आहे. 'आ' म्हणजे आवाज. 'प्र' म्हणजे प्रकाश. 'सं' म्हणजे संवाद, शब्दशः टिपलेला. 'क' म्हणजे कट, जिथे संकलकाने दृश्य तोडलं ती जागा. आणि नुसती उभी रेघ म्हणजे इथे लक्ष उडालं.

ही उभी रेघ सगळ्यात उपयोगाची. चित्रपट मध्येच कंटाळवाणा झाला, असं घाईघाईत लिहिणं सोपं असतं. रेघ कुठे आहे ते बघितलं की नेमकं कारण शोधता येतं. तीच माहिती दुसऱ्यांदा सांगितली होती का? गाणं आलं तेव्हा गोष्ट थांबली का? की शेजारच्या रांगेत कुणी फोन घेतला? तिसरं असेल, तर त्या रेघेचा दोष चित्रपटाच्या माथी मारायचा नाही.

(दृश्य : प्रेक्षागृहातले दिवे मंद होतात. प्रोजेक्टरच्या काचेतून झोत.)

इथून पुढे आपला कॅमेरा बाहेर. चित्रपट चालू असताना आत चित्रीकरण करता येत नाही.

पण चित्रपट सुरू होण्याआधीचं एक काम फार थोडे लोक करतात, ते सांगायलाच हवं. दर शुक्रवारी सुरुवातीला तंबाखूविरोधी सूचना दाखवतात. तीच चित्रं, तोच आवाज, आठवड्यामागून आठवडा. या समीक्षकांसाठी ती मोजपट्टी आहे. ती सूचना नेहमीपेक्षा काळपट दिसली तर प्रोजेक्टरचा दिवा थकलाय किंवा थ्रीडीसाठी लावलेलं भिंग तसंच राहिलं आहे. त्यातला आवाज दबका आला तर मधला स्पीकर नीट चालत नाही किंवा आवाजाची पातळी खाली ठेवलीय. ५.१ ध्वनिमिश्रणात, म्हणजे आवाज पाच दिशांच्या आणि एका खर्जाच्या स्पीकरमध्ये वाटलेला असतो त्यात, बहुतेक संवाद पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात. तो बिघडला की संगीत छान ऐकू येतं आणि माणसं पुटपुटतात.

हे आधी तपासलं नाही तर दुसऱ्या दिवशी छापून येतं, 'छायाचित्रण अंधारं आहे, संवाद नीट ऐकू येत नाहीत.' दोष त्या एका प्रेक्षागृहाचा असतो, बदनाम होतात छायाचित्रणकार आणि ध्वनिसंयोजक. डिजिटल चित्रपटासाठी पडद्याची उजळता ४८ निट्स (निट हे उजळता मोजायचं एकक) असावी असं प्रमाण आहे. प्रोजेक्टरमधला झेनॉनचा जुना दिवा त्याच्या बराच खाली जातो, आणि रात्रीची दृश्यं पहिल्यांदा मरतात. पार्श्वसंगीत नसलेल्या चित्रपटाचं नुकसान आवाजात होतं. त्याचा सगळा डोलारा घरातल्या भांड्यांवर, पावलांवर, शांततेवर उभा असतो. मागची झांज नाही, समोरचा ठेका नाही. पातळी दोन आकडे खाली आली की तिथे काहीच उरत नाही.

(दृश्य : मध्यंतर. लॉबीत पॉपकॉर्नची रांग. समीक्षक खांबाला टेकून लिहितायत.)

मध्यंतराची वेळ वहीत मिनिटांसह लिहिली जाते. आपल्याकडचे अनेक चित्रपट मध्यंतर गृहीत धरूनच लिहिलेले असतात, पूर्वार्धाच्या टोकाला एक धक्का असतो. 'दशावतार'ची रचना तशी आहे. पूर्वार्ध बापलेकाचा, उत्तरार्ध सूडाचा. तिथे मध्यंतर कुठे आलं हे दिग्दर्शकाने ठरवलेलं असतं. पण महोत्सवांसाठी सलग घडवलेल्या चित्रपटाला प्रेक्षागृह मधूनच कापतं, कधी कधी दृश्याच्या ऐन भरात. मग उत्तरार्ध सैल वाटतो. तो खरोखर सैल आहे की दहा मिनिटांच्या पॉपकॉर्नने लय मोडली, हे वहीतल्या वेळेवरून कळतं.

(दृश्य : दशावतारी रंगपट. हातात आरसा, चेहऱ्यावर स्वतः रंग लावणारा कलावंत. पखवाज, पायपेटी, झांज.)

हे चित्रण सिंधुदुर्गातलं. इथे कलावंत आपला चेहरा आपणच रंगवतो. लेखी संहिता नसते. आख्यान ठरतं आणि संवाद रंगमंचावर जागीच घडत जातात. बायकांच्या भूमिका परंपरेने पुरुष करत आलेत. आधी आडदशावतार म्हणजे पूर्वरंग, त्यात गणपती, संकासूर, मग मुख्य आख्यान, ते पहाटेपर्यंत.

'दशावतार'वर लिहायचं तर हे माहीत हवं. नाहीतर प्रभावळकरांचं कौतुक 'अप्रतिम अभिनय' या दोन शब्दांत संपतं. खरे प्रश्न वेगळे आहेत. रंग लावतानाचा हात सराईत वाटतो का? रंगमंचावर फेकलेला आवाज आणि घरात मुलाशी बोलतानाचा आवाज यांत फरक आहे का? वेश अंगावर आल्यावर चाल बदलते का? मालवणी हेल सगळ्या प्रसंगांत टिकतो की भावनेच्या भरात पुणेरी होतो? या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर एका दृश्याकडे बोट दाखवून देता आलं पाहिजे. या चित्रपटाचं मोठं बळ आहे ते कलावंत म्हाताऱ्याच्या रोजच्या जगण्यात. उत्तरार्धात ते जगणं मागे पडतं आणि वेश हे सूडाचं साधन होतं. ही निवड आहे, चूक नव्हे. पण वाचकाला ती कळायला हवी.

(दृश्य : पुन्हा वही. यावेळी दुसरं पान, तारीख मार्च २०२५.)

त्याच वर्षी ७ मार्चला आलेल्या जयंत सोमलकर यांच्या 'स्थळ'चं हे पान. विदर्भातल्या गावातली सविता, आणि तिला बघायला येणारे लोक. पहिल्याच दृश्यात बायका बसल्यात आणि मुलाला प्रश्न विचारले जातायत. मग उलटं होतं, आणि उलटंच होत राहतं. नाव, शिक्षण, उंची. कार्यक्रम तोच, पुन्हा पुन्हा.

घाईत बघणारा लिहून जातो, 'पुनरावृत्ती जाणवते.' या पानावर प्रत्येक कार्यक्रमाला आकडा दिलाय आणि समोर एकच गोष्ट टिपलीय : या वेळी काय बदललं. प्रश्न विचारणारा, कॅमेऱ्याची जागा, सविताची नजर, बापाचा आवाज. पुनरावृत्ती हाच या चित्रपटाचा आशय आहे हे म्हणायला पुरावा लागतो, आणि तो असा जमतो.

(दृश्य : चित्रपट संपलाय. दिवे लागलेत, दार उघडलंय, लोक बाहेर पडतायत. एक बाई खुर्चीत बसून आहेत.)

श्रेयनामावली शेवटच्या नावापर्यंत. सफाईवाले आत आले तरी. ध्वनिमुद्रण कुणाचं, संकलन कुणाचं, वेशभूषा कुणाची, हे इथेच मिळतं. इंटरनेटवरून उचललेल्या नावांत चुका सापडतात, आणि एकदा छापलं की तेच नाव पुढची दहा परीक्षणं उचलतात.

(दृश्य : चहाच्या टपरीवरचं बाकडं. वही उघडी, पेन वेगात.)

पुढचा अर्धा तास सर्वांत मोलाचा. अंधारातलं अक्षर स्वतःलाही दुसऱ्या दिवशी वाचता येत नाही, म्हणून लगेच स्वच्छ उतरवायचं. 'सं' लिहिलेले संवाद आधी. इंग्रजी सबटायटल वाचून मराठी संवाद आठवायचा नाही. शब्द बदलतात आणि बोली तर नाहीशीच होते. खात्री नसेल तर अवतरणचिन्ह नाही.

(दृश्य : संगणकाचा पडदा. मजकूर उमटतोय, मग काही ओळी खोडल्या जातायत.)

जागा साधारण साडेपाचशे शब्दांची. त्यात कथेला शंभरापेक्षा जास्त नाहीत, आणि कथा मध्यंतराच्या पलीकडे जाणार नाही. मग तीन विधानं, प्रत्येकाखाली एक दृश्य. दृश्य सापडलं नाही तर विधान काढून टाकायचं, कितीही आवडलेलं असलं तरी. 'संथ' हा शब्द त्या वापरत नाहीत. त्याऐवजी 'साबर बोंडं'बद्दल लिहितात की दशक्रियेपर्यंतचे दिवस दिग्दर्शक सुतकाच्या गतीने मोजतो, कॅमेरा हलत नाही, आणि गावी आलेला आनंद आणि त्याचा मित्र बाळ्या यांच्यातली जवळीक त्या न हलण्यातूनच दिसायला लागते. ज्याला हे बघायचंय तो जाईल. ज्याला नाही, त्यालाही नीट कळेल की का नाही.

ध्वनी आणि संकलनाची नावं दुसऱ्याच परिच्छेदात घातलेली असतात. जाहिरात आली की उपसंपादक मजकूर खालून कापतो.

(दृश्य : मोबाइलवर तिकिटांचं ॲप. सोमवारची यादी.)

सोमवारी छोट्या चित्रपटाचे खेळ निम्म्यावर येतात, उरतो तो सकाळी दहाचा.

(दृश्य : सकाळ. जवळपास रिकामं प्रेक्षागृह. मधल्या खुर्चीवर वही.)

हे दुसरं बघणं, स्वतःच्या तिकिटावर. परीक्षण छापून झालंय. वहीचं जुनं पान उघडं आहे, तीन उभ्या रेघांसमोर मिनिटं लिहिलीत. तंबाखूची सूचना लागते. आज आवाज नीट आहे.

पहिल्या रेघेपर्यंत अठ्ठावीस मिनिटं.