परवाचा जिना
लाँग कोविड आणि रोजचा दिवस : माहितीपटाचं निवेदन

(दृश्य : ठाणे स्टेशन, सकाळची गर्दी. पादचारी पुलाचा जिना.)

गर्दीतून नजर डावीकडच्या कठड्याकडे न्या. निळ्या कुर्त्यातल्या ताई सातव्या पायरीवर थांबल्यात. धाप लागलेली नाही. अजून चार-पाच पायऱ्या त्या सहज चढल्या असत्या. म्हणूनच थांबल्यात.

(दृश्य : मनगटावरच्या घड्याळात नाडीचा आकडा, जवळून. ८५.)

कोविडला तीन महिने उलटले, लक्षणं निदान दोन महिने टिकून आहेत आणि दुसरं कारण सापडत नाही, तर त्याला लाँग कोविड म्हणायचं. जागतिक आरोग्य संघटनेची ही व्याख्या ऑक्टोबर २०२१ ची. दुसरं कारण आधी नीट शोधावं लागतं. हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर, बी-१२, ईसीजी, छातीचा एक्स-रे. आपल्याकडे क्षयरोगही याच थकव्याच्या आड लपतो.

(दृश्य : वर्तकनगर. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. टेबलावर दोनशे पानी वही.)

ही वही म्हणजे ताईंचं निम्मं औषध. डाव्या पानावर काय केलं ते, उजव्या पानावर कसं वाटलं ते. मंगळवार : ‘बाजार, जिना दोनदा, बँकेचा फॉर्म, फोन ४० मिनिटं.’ समोरच्या पानावर ‘छान.’ बुधवार : ‘बरं.’ गुरुवारी अक्षर वाकडं झालंय : ‘अंग मोडून आलं, घसा, डोकं जड, पडून.’

गुरुवारचं खापर लोक बुधवारवर फोडतात. या आजाराची खोच इथेच आहे. जास्त श्रमांचा फटका बहुतेक वेळा १२ ते ४८ तासांनी बसतो, कधी त्याहून उशिरा. म्हणजे आज अंथरुणाला खिळवलं ते परवाच्या जिन्यानं. आणि श्रम म्हणजे फक्त पायांचे नाहीत. बँकेचा फॉर्म, लांबलेला फोन, घरातली वादावादी, सगळं त्याच खात्यातून वजा होतं.

‘रोज थोडं थोडं वाढवा, उपवन तलावाला फेऱ्या मारा’ हा सल्ला इथे उलटतो. ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी सायकल चालवण्याआधी आणि नंतर अशा रुग्णांच्या मांडीच्या स्नायूचे नमुने तपासले. २०२४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. श्रमानंतर स्नायूंना इजा झालेली होती, पेशींची ऊर्जा बनवण्याची क्षमता घटलेली होती. त्यामुळे ‘मनाचा निश्चय नाही’ असं या माणसांना कुणी म्हणू नये. ज्यांना श्रमानंतर असा बिघाड होत नाही, त्यांना व्यायामाचा फायदा होतो. ते आधी वहीतून ठरवायचं.

(दृश्य : पहाट. पडल्यापडल्या मनगटावर दोन बोटं.)

श्रमांची मर्यादा ठरवायची पद्धत साधी आहे. सात दिवस, उठायच्या आधी, पडल्यापडल्या नाडी मोजायची. पूर्ण मिनिट. सातांची सरासरी काढायची आणि तीत १५ मिळवायचे. ताईंची सरासरी ७२, म्हणून मर्यादा ८७. आकड्यानं मर्यादा गाठायच्या आधीच बसायचं, आणि नाडी खाली आल्यावरच उठायचं. घड्याळाचा पट्टा सैल असेल तर आकडा चुकतो. तो मनगटाच्या हाडाच्या जरा वर, घट्ट बांधायचा. नाडी मंदावणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हा हिशेब लागू पडत नाही.

दोन आठवड्यांची वही झाली की दिसतं, वाईट दिवशीसुद्धा न बिघडता किती काम झेपतं. चांगल्या दिवशीही तेवढंच करायचं. सगळ्यात अवघड हेच, कारण चांगल्या दिवशी घर आवरायला हात शिवशिवतात.

(दृश्य : स्वयंपाकघर. ओट्याशी उंच स्टूल.)

कणीक मळून झाली की वीस मिनिटं आडवं. मग पोळ्या, त्याही स्टुलावर बसून. भाजी टेबलावर चिरायची. चहा-साखरेचे डबे वरच्या फळीवरून कमरेच्या उंचीवर आलेत, कारण हात खांद्याच्या वर गेले की ठोके चढतात. छताजवळच्या दोरीवर कपडे वाळत घालणं म्हणूनच जिन्याइतकं महाग पडतं. त्याऐवजी बुटकं स्टँड. अंघोळ प्लास्टिकच्या स्टुलावर बसून, कोमट पाण्यानं. कढत पाण्यानं रक्तवाहिन्या सैलावतात, रक्त पायांकडे उतरतं आणि भोवळ येते. ऑक्टोबरची उष्णताही तेच करते.

(दृश्य : वाशीतला दवाखाना. भिंत, उघडी पावलं.)

उभं राहिल्यावर नाडी किती चढते, ते इथे तपासतात. आधी दहा मिनिटं आडवं. मग खांदे भिंतीला टेकून उभं राहायचं, टाचा भिंतीपासून १५ सेंटीमीटर पुढे. दहा मिनिटं, दर मिनिटाला नाडी आणि रक्तदाब. बोलायचं नाही, पाय हलवायचे नाहीत. पोटऱ्या हलल्या की त्या रक्त वर ढकलतात आणि खरं चित्र झाकलं जातं. पडद्यावरचे आकडे वाचा : ७४, ९८, १०९, ११२. पावलांचा रंगही बघा. रक्तदाब फारसा न पडता नाडी ३० किंवा जास्त वाढून तशीच राहिली, तर त्याला पॉट्स म्हणतात. १९ वर्षांच्या आतल्यांसाठी हा आकडा ४०. ही चाचणी एकट्यानं करू नये.

यावर दिवसाला दोन ते तीन लिटर पाणी, डॉक्टरांनी सांगितलं तर जादा मीठ, आणि पोटपट्टा. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा हृदयाचा त्रास असेल तर मीठ आपल्या मनानं वाढवायचं नाही. ओआरएसची लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच. अनेक घरांत ती एका ग्लासात कालवतात, मग मळमळ आणि जुलाब मागे लागतात.

(दृश्य : चार छोट्या बाटल्या.)

कोविडनंतर वास येईनासा झाला असेल, तर हा त्याचा सराव : गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये २००९ साली याच चार वासांचा अभ्यास झाला. सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक बाटली सुमारे वीस सेकंद, हलकेच हुंगायची. मन त्या वासाच्या आठवणीत ठेवायचं. निदान बारा आठवडे. बहुतेक लोक तिसऱ्या आठवड्यात सोडतात, किंवा बाटलीतला वास उडालेला त्यांच्या लक्षात येत नाही. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी मधूनमधून हुंगायला द्या. तोवर गॅसचा वास कळत नाही, म्हणून रात्री रेग्युलेटर बंद.

छातीत कळ, बसल्याजागी धाप, एका बाजूची ताकद जाणं, किंवा ऑक्सिजन ९२ च्या खाली : वही बाजूला, थेट रुग्णालय. ऑक्सिमीटर लावताना नखाला नेलपॉलिश किंवा मेंदी नको.

ताईंचा पगार अर्धा झाला. हप्ते आहेत तेवढेच आहेत.

(दृश्य : पुन्हा ठाणे स्टेशन. जिन्याचं वरचं टोक.)

तीन थांबे घेऊन ताई वर आल्या. खाली वाशीची गाडी लागलीये, लोक धावतायत. घड्याळावर ८४. त्या कठड्याला टेकून उभ्या आहेत. ही गाडी जाऊ देतील.