पेटीतली तेपारी आणि दहा एकरांचं शेत

मित्रहो, आदिवासींचं अन्न विकायला काढलं की एक शंका हमखास ऐकू येते. पूर्वजांचं अन्न पाकिटात भरून त्यावर किंमत छापली की त्याचं पावित्र्य जातं, असं चांगली शिकलेली माणसंही म्हणतात. मला हे पटत नाही. का पटत नाही ते सांगण्यासाठी मी एका कुटुंबाची हकीकत घेऊन आलो आहे. हे कुटुंब अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातलं, अकिमेल ओओधाम समाजाचं. बाहेरचे लोक त्यांना पिमा म्हणून ओळखतात. फीनिक्स शहराच्या दक्षिणेला हीला नदीच्या खोऱ्यात त्यांची आरक्षित भूमी आहे. १८५९ साली ठरवून दिलेली. तिथल्या साकाटन गावात रमोना बटन आणि त्यांचे पती टेरी बटन यांची रमोना फार्म्स ही शेती आहे आणि तोच त्यांचा धान्याचा व्यवसाय.

या लोकांचे पूर्वज, ज्यांना ते हुहुगाम म्हणतात, त्यांनी त्या वाळवंटात शेकडो मैलांचे कालवे खणले होते. लाकडी आणि दगडी अवजारांनी, बैलाविना. पुढे स्पॅनिश मिशनऱ्यांच्या काळात गहू आला आणि ओओधाम लोकांनी तो आपलासा केला. १८४९ नंतर सोन्याच्या ओढीने कॅलिफोर्नियाकडे निघालेले हजारो प्रवासी याच गावांतून जात. वाळवंट ओलांडून अर्धमेले झालेल्या माणसांना इथे गहू मिळे, कडधान्य मिळे, कलिंगडं मिळत. नंतर अमेरिकन लष्करानेही त्यांच्याकडून लाखो पौंड गहू विकत घेतला. हे मी मुद्दाम सांगतो आहे. धान्य पिकवून, घरापुरतं ठेवून, उरलेलं परक्याला विकणं हीच या समाजाची रीत होती. पूर्वज व्यापारी होते, आणि उत्तम व्यापारी होते.

मग नदीच गेली. वरच्या अंगाला नवे वसाहतवाले आले. त्यांनी १८७०च्या आसपासपासून पाणी वळवायला सुरुवात केली. १८९०च्या दशकात भुकेची वर्षं आली. ज्यांनी इतरांना खाऊ घातलं ते लोक मेस्कीटची झाडं तोडून सरपण विकू लागले. मेस्कीट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीचीच जवळची बहीण. आपल्याकडे तिला शिव्या बसतात, पण तिथे तिच्या गोड शेंगा दळून पीठ करायची फार जुनी पद्धत आहे. म्हणजे माणसं पोटासाठी आपलंच अन्नाचं झाड तोडत होती. १९३० साली हीला नदीवरच्या कूलिज धरणाचं उद्घाटन झालं, पण शेतांना हवं तेवढं पाणी काही आलं नाही. आलं ते सरकारी शिध्याचं अन्न: मैदा, चरबी, साखर, डबाबंद पदार्थ. पुढे या समाजात मधुमेह इतका वाढला की १९६५पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे संशोधक तिथे दशकानुदशकं अभ्यास करत राहिले. त्याच वंशाच्या, पण सीमेपलीकडे मेक्सिकोच्या डोंगरात शेती करून राहणाऱ्या पिमांमध्ये हा आजार कितीतरी कमी आढळला. रक्त तेच होतं, ताट आणि कष्ट वेगळे होते.

अशा गावात १९७४ साली रमोना आणि टेरी यांनी शेती सुरू केली. जमीन रमोनांच्या आईच्या वाट्याची, दहा एकर. त्या भागात माणशी तेवढीच वाटणी झाली होती. काही वर्षांनी गावातली म्हातारी माणसं त्यांच्याकडे आली आणि म्हणाली, तुम्ही तेपारी का पिकवत नाही? तेपारी हे त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं कडधान्य. राजम्याच्याच कुळातलं, पण दाणा बारीक, चपटा. शेतांतून ते जवळजवळ नाहीसं झालं होतं. रमोनांच्या वडिलांची एक जुनी पेटी होती. त्या पेटीत काचेच्या बरण्या निघाल्या आणि त्यांत पांढऱ्या आणि तपकिरी तेपारीचं थोडंसं बियाणं.

ही पेटीची गोष्ट ऐकली की सगळे भारावतात. मला मात्र त्यापुढची वर्षं जास्त मोलाची वाटतात. बियाणं सापडणं हे वडिलांचं देणं होतं. ते मूठभर बियाणं वाढवत वाढवत गावाला पुरेल इतकं करणं ही मुलीची मेहनत. तेपारीची शेंग वाळली की तडकते आणि दाणे मातीत पडतात. दाणा खड्याएवढाच, म्हणून निवडणं जिकिरीचं. हाताने काढणी करून चार घरं जेवतील, समाज जेवणार नाही. म्हणून यंत्रं जुळवून घ्यावी लागली, स्वच्छ करायची व्यवस्था उभी करावी लागली. शेती वाढत हजारो एकरांवर गेली. तीत कापूस आणि लसूणघासही आहे. जुन्या वाणांच्या शेजारी रोख पैसा देणारं पीक लावण्यात मला काहीही कमीपणा दिसत नाही. शेतकऱ्याचं घर चाललं तरच वाण चालतो.

आज या कुटुंबाकडे पांढरी, तपकिरी आणि काळी तेपारी मिळते. जुना सोनोरा गहू मिळतो. गाइव्सा मिळतो, म्हणजे मेस्कीटच्या निखाऱ्यांवर भाजून, वाळवून भरडलेला मका. आपल्या हुरड्याचा वास ज्याच्या नाकात आहे त्याला या मक्याची चव समजावून सांगावी लागणार नाही. मुली आता व्यवसायात आहेत. शहरातले नावाजलेले शेफ हे धान्य घेतात, ते चांगलंच आहे. पण ज्या म्हाताऱ्यांनी मागणी केली होती त्यांच्या चुलीवर तेपारी पुन्हा चढली, हे मला सगळ्यांत मोठं वाटतं. व्यवसायाचा पहिला ग्राहक गावातलाच होता, आणि त्याने लहानपणी खाल्लेलंच मागितलं होतं.

यात पाण्याची लढाई विसरू नका. हीला नदीच्या या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या न्यायालयात आणि वॉशिंग्टनमध्ये आपला हक्क मांडला. २००४ साली अमेरिकन संसदेने कायदा केला आणि वर्षाला ६,५३,५०० एकर-फूट पाणी त्यांच्या नावे ठरलं. एक एकर जमिनीवर एक फूट उंच उभं राहील ते एक एकर-फूट. त्यावरून अंदाज करा. हा हक्क मिळाला म्हणून तिथल्या शेतीला पुढचा विचार करता येतो. तेपारीला स्वतःला फार पाणी लागत नाही. उलट जास्त दिलं तर पाला माजतो आणि शेंगा कमी धरतात. उन्हाळी पावसाच्या एक-दोन सरींवर उगवून ती अडीच-तीन महिन्यांत हाती येते. पण गहू, मका आणि माणसं यांना नदी लागतेच.

जाता जाता, या कार्यक्रमाआधी काही भगिनींनी शिजवण्याबद्दल विचारलं होतं. तेपारी रात्रभर भिजत घालतात आणि मंद आचेवर कित्येक तास शिजवतात. घाई केली तर दाणा कडक राहतो. पांढरी किंचित गोडसर, तपकिरी मातकट चवीची. गव्हाबरोबर शिजवून तिचं दाट सूपही करतात. शेतीच्या बाजूने ज्यांना विचारायचं असेल त्यांनी आता विचारावं, विशेषतः बियाणं वेगळं राखण्याबद्दल, कारण त्यावर बोलायला मला वेळ पुरला नाही.