पाणी कुठे अडतंय?

दृश्य: टाकी समोरून, फक्त टाकीचा लाईट

माशांच्या आणि पाणवनस्पतींच्या या टाकीत हे जे बारीक धुकं दिसतंय ना, ते झाडांसाठी सोडलेल्या कार्बन डायऑक्साईडचे बुडबुडे आहेत. डावीकडच्या डिफ्युझरमधून निघतायत. आता माशांकडे बघू नका, फक्त या बुडबुड्यांवर नजर ठेवा. थोडे वर चढले, फिल्टरच्या झोतात सापडले, मधल्या ड्रिफ्टवूडला, म्हणजे सजावटीच्या लाकडाला, धडकले आणि तिथूनच सरळ वर जाऊन फुटले. उजवीकडे एकही पोचला नाही. कॅमेरा बराच वेळ तसाच लावून ठेवला होता, तरी नाही.

आता उजवी बाजू जवळून. ही रोटाला, वरचा शेंडा बरा आहे पण खालची पानं गळून नुसत्या काड्या उरल्यात. हे अनुबियास, पानांच्या कडेला काळे केसाळ झुपके आलेत, ते एक शेवाळ, त्याला हॉबीवाले बीबीए (ब्लॅक बिअर्ड अल्गी) म्हणतात. आणि खाली काचेलगत सॉईलवर जे निळसर हिरवं पसरलंय ते शेवाळ वाटतं पण ते शेवाळ नाही, ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणूच. चिमट्याने उचललं की दुधावरच्या सायीसारखं अख्खं उचललं जातं, बघा. वास कॅमेऱ्यात येत नाही ते बरंच आहे.

टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. हिशोबाने १९० लिटर, पण सॉईल, दगड, लाकूड वजा केलं तर पाणी दीडशेच्या आसपास. घर पिंपरीतलं, टाकी काकांची. काकांची सगळी नोकरी कारखान्यात पंप बसवण्यात आणि उघडण्यात गेली, त्यामुळे झाडांची लॅटिन नावं त्यांना येत नाहीत पण पाईप बघितला की हात शिवशिवतात.

दृश्य: टाकीखालचं कपाट, बाटल्यांची रांग

कपाट उघडलं तर हे सगळं निघालं. आयर्न, पोटॅश, अल्गी रिमूव्हर दोन कंपन्यांचे, आणि लिक्विड कार्बन. लिक्विड कार्बन म्हणून जे विकतात ना त्यात बहुतेक वेळा ग्लुटराल्डिहाईड असतं, जे हॉस्पिटलात अवजारं निर्जंतुक करायला वापरतात, त्याने शेवाळ मरतं हे खरं पण व्हॅलिस्नेरियासारखी झाडंही वितळतात, आणि दुकानदार हे सांगेलच असं नाही. पान पिवळं पडलं की एक बाटली, भोक पडलं की दुसरी, शेवाळ आलं की तिसरी. बाटलीतलं उजव्या कोपऱ्यात पोचतंय का, हे कुणी विचारत नाही. लाईटही वाढवून झाला होता, तो तर शेवाळाला आयताच मिळाला.

दृश्य: पानाची कडा, मॅक्रो लेन्स

इथे थोडं थांबू. पान पाण्यात बुडालेलं आहे म्हणजे त्याला सगळं मिळतंय असं आपल्याला वाटतं. पण पानाला अगदी चिकटून पाण्याचा एक पातळ थर असतो जो जवळजवळ हलतच नाही, संथ पाण्यात अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून थोडा जाड. पानाच्या तोंडचा कार्बन डायऑक्साईड या थरातून आपोआप झिरपत यायचा असतो, आणि हवेत हा वायू जितक्या वेगाने पसरतो त्याच्या साधारण दहा हजार पट हळू तो पाण्यात पसरतो. दहा हजार पट! म्हणून जमिनीवरच्या झाडाला जे फुकट मिळतं त्यासाठी पाण्यातल्या झाडाला ताटकळत बसावं लागतं. पाणी जरा हलतं राहिलं की तो थर पातळ होतो. बस, एवढंच काम आहे प्रवाहाचं, सेकंदाला चार-पाच सेंटीमीटर सरकलं तरी बहुतेक झाडांना चालतं.

उलटं पण खरंय. वेग फार झाला की पान स्वतःला सांभाळण्यातच दमतं, कार्पेटची, म्हणजे गालिच्यासारखी पसरणारी झाडं मुळासकट उखडून वर येतात. पानं डुलली पाहिजेत, लोळायला नकोत.

दृश्य: कोकणातली नदी, पाण्याखालून

हे टाकीतलं नाही. ही कोकणातली नदी, पाऊस संपल्यानंतरची. खडकांच्या फटीत ही जी लांब, अरुंद, कडेला चुण्या पडलेली पानं दिसतायत ती क्रिप्टोकोरायनी रेट्रोस्पायरॅलिस, आपल्या सह्याद्रीतल्या नद्यांमध्ये वाढणारी. पावसाळ्यात ही अख्खी बुडते, वरून लोंढा जातो, आणि हिची पानं प्रवाहाच्या दिशेने झोपून राहतात, तुटत नाहीत. पाणी उतरलं की मग फुलते, फूल पण पिळ दिलेलं. आपल्याकडचीच रोटाला मॅक्रँड्रा, ती लाल पानांची, जगभरच्या टाक्यांत मिरवते आणि आपण ती इंपोर्टेड म्हणून दुप्पट पैसे देऊन घेतो, असो. मुद्दा हा की टाकीत आपण झाड आणतो, माती आणतो, खत आणतो, नदी आणायची राहून जाते.

दृश्य: काका, बादली, मोबाईलवरचं स्टॉपवॉच

फिल्टरच्या खोक्यावर लिहिलंय ताशी १२०० लिटर. काकांना हे वाचून दाखवलं तर म्हणाले, "अरे बाबा, ते खोक्यावरचं सोड, बादली आण." दहा लिटरची बादली, टाकीच्या काठाएवढ्या उंचीवर स्टुलावर ठेवायची, आणि फिल्टरचा परतीचा पाईप तिच्यात सोडायचा. स्टूल महत्त्वाचं आहे हं, बादली जमिनीवर ठेवली तर पाणी उतारानेच जोरात येतं आणि आकडा फुगतो. वेळ लावली. बादली भरायला एक मिनिट दहा सेकंद, म्हणजे ताशी पाचशे लिटरच्या जरा वर. खोक्यावरचा आकडा हा बहुतेक वेळा रिकाम्या फिल्टरचा असतो, आत स्पंज नाही, सिरॅमिक नाही, पाईप नवाकोरा. कंपनी खोटं बोलते असं नाही, पण खरं अर्धंच सांगते.

प्लांटेड, म्हणजे झाडांच्या, टाकीसाठी हॉबीत एक अंदाज चालतो, टाकीतलं पाणी तासाला पाच ते दहा वेळा फिरलं पाहिजे. दीडशे लिटरला पाचशे म्हणजे तीनच्या वर थोडंसं. कमीच.

दृश्य: पाईप काढणं, पूर्ण क्रम, कट न करता

आता हे सगळं नीट बघा, कारण शूटिंगमधला सगळ्यात भारी भाग हाच आहे. आधी प्लग काढला, मग दोन्ही व्हॉल्व्ह बंद. पाईप हळूच ओढला, तरी थोडं पाणी फरशीवर सांडलंच, खाली जुना टॉवेल होताच. पाईप बाहेरून हिरवट दिसतो, ठीक वाटतो. आता प्रकाशासमोर धरला. आतली भिंत दिसतच नाही. तपकिरी, बुळबुळीत थर, जिवाणूंनी बांधलेला, त्यात अडकलेला कचरा, पानांचे तुकडे. काकांनी लांब तारेचा ब्रश एका टोकातून घातला आणि दुसऱ्या टोकातून जे बाहेर आलं ते बघाच, मी काही बोलत नाही.

.

.

सोळा मिलीच्या पाईपमध्ये सगळीकडून दीड-दीड मिली थर बसला की उरले तेरा. वाटतं तीन मिलीने काय होतंय, पण पाईपचं तोंड त्यानेच एक तृतीयांश कमी होतं, आणि पाण्याला होणारा अडथळा तर त्याहून कितीतरी जास्त वाढतो. वर प्रत्येक एल्बो, प्रत्येक मुरड वेगळा जोर खाते. कपाटामागे पाईप चेपला गेला होता, तोही सरळ केला, जास्तीचा लांबडा तुकडा कापून टाकला.

मग फिल्टर. स्पंज नळाखाली धरायचे नाहीत, नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि स्पंजमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू. टाकीतलंच पाणी एका टबात काढलं आणि त्यात पिळले. सिरॅमिकला नुसतं हिसळलं. इंपेलर, म्हणजे पंपातलं पाणी ढकलणारं चाक, काढून त्याच्या खाचेतली घाण जुन्या टूथब्रशने. काका म्हणाले, "पंपाचं काय चुकत नसतं रे, पंपाला श्वास घेऊ द्या." इंपेलरचं ते छोटं चाक हातात फिरवून फिरवून त्यांनी तपासलं, नोकरीतली सवय, आम्ही तेवढा वेळ कॅमेरा चालूच ठेवला.

पुन्हा बादली. एक्केचाळीस सेकंद. म्हणजे ताशी साडेआठशेच्या वर. एक रुपयाची बाटली न आणता.

दृश्य: ड्रिल, पाईपचा तुकडा, बुरादा

पाणी वाढलं पण ते जातंय कुठे, हा प्रश्न आहेच, लाकूड मध्ये तसंच आहे. आधी पाणी डावीकडून एका नळीने येत होतं आणि परत जायचं तोंड उजवीकडे, मध्ये ड्रिफ्टवूडची भिंत. म्हणून काकांनी स्प्रे बार करायचा ठरवला, तयार मिळतो पण तो टाकीच्या लांबीचा नसतो. मागच्या काचेला आडवा पाईप, जवळजवळ टाकीएवढा लांब, एक टोक बंद, आणि ओळीने भोकं.

भोकं किती हा खरा हिशोब. पाईपचं आतलं तोंड सोळा मिली, म्हणजे क्षेत्रफळ साधारण २०१ चौरस मिलिमीटर. तीन मिलीच्या एका भोकाचं सात. अठ्ठावीस भोकांत हिशोब बरोबरीत सुटतो. त्यापेक्षा जास्त पाडली की पाणी नुसतं गळतं, झोत मिळत नाही, आणि फार कमी पाडली तर पंप गुदमरतो. काकांनी चोवीस पाडली. आधी पेनाने खुणा, मग बारीक ड्रिल, मग तीन मिलीचं. आतली कुसळं कानसून काढली, नाहीतर तिथेच कचरा अडकतो. बार बसवताना भोकं समोर आणि किंचित वर. फार वर केली तर पृष्ठभाग खळखळतो आणि विकत घेतलेला गॅस हवेत उडून जातो, अजिबात हलू दिला नाही तर वर तेलकट पडदा जमतो आणि रात्री माशांना ऑक्सिजन कमी पडतो. हलकी लहर हवी. पाणी आत ओढणारं तोंडही मागेच घेतलं, आता पाणी मागून पुढे येतं, समोरच्या काचेवर आपटून खाली वळतं आणि सॉईलवरून मागे जातं.

आता परत तेच धुकं बघा. लाकडाच्या वरून, पुढे, खाली. आणि हा बघा, उजव्या कोपऱ्यात अनुबियासच्या पानाखालून एक बुडबुडा गेला. आणि हा दुसरा.

दृश्य: ड्रॉप चेकर, टाइमलॅप्स

ही काचेची छोटी कुपी उजव्या काचेला लावलीय, तिला ड्रॉप चेकर म्हणतात. आत ठराविक अल्कलिनिटीचं (केएच) पाणी आणि ब्रोमोथायमॉल ब्लू. निळं म्हणजे कार्बन डायऑक्साईड कमी, हिरवं म्हणजे लिटरला साधारण तीस मिलिग्रॅम, पिवळं म्हणजे माशांची खैर नाही. आधी डावीकडे हिरवं आणि उजवीकडे निळं असायचं, एकाच टाकीत. म्हणून गॅस वाढवून बघितला होता, त्यात चार टेट्रा मासे गेले. आता गॅस तेवढाच आहे, आणि रंग बघा कसा सरकतोय, याला दोन-एक तास लागतात म्हणून टाइमलॅप्स.

जुनी खराब पानं सुधारत नाहीत हं, त्याची वाट बघू नका, कापून टाका. नवीन पान कसं येतंय ते बघायचं. रोटालाचा हा नवा शेंडा, आणि दुपारच्या उजेडात पानांखाली मोत्यासारखे बुडबुडे धरलेत, तो झाडाने सोडलेला ऑक्सिजन. सायनोबॅक्टेरिया सायफनने ओढून काढले, पाणी निम्मं बदललं, ते परत आलेले नाहीत. बीबीए मात्र अजून थोडं आहे, आणि खरं सांगायचं तर ते फिल्टरच्या तोंडाशी, जोरात पाणी असतं तिथेही येतं, गॅस कमीजास्त होत राहिला आणि टाकीत घाण साचली की त्याचं फावतं, नुसता प्रवाह पुरत नाही.

उन्हाळ्याचं एक. पाणी तिशीच्या वर गेलं की त्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो, आणि लाईट गेली की बंद कॅनिस्टरमधले, म्हणजे डब्यासारख्या फिल्टरमधले, जिवाणू आतला ऑक्सिजन संपवतात. बरेच तास गेली असेल तर फिल्टरमधलं ते वास मारणारं पाणी आधी बादलीत काढा, मगच चालू करा.

दृश्य: गॅलरीतली छोटी टाकी

ही काकांच्या नातीची टाकी, एकच बेट्टा मासा, मागे लटकवायचा फिल्टर. बेट्टाला जोराचं पाणी सोसत नाही, पंख लांब असतात, तो दमतो. म्हणून इथे झोतापुढे स्पंजचा तुकडा लावलाय आणि झाडं पण संथ पाण्यातली, जावा फर्न, अनुबियास, थोडी क्रिप्ट, म्हणजे क्रिप्टोकोरायनी. इथे बादली लावायची गरज नाही.

मोठ्या टाकीचं वेळापत्रक काकांनी कपाटाच्या दाराच्या आत खडूने लिहिलंय. तोंडावरचा स्पंज दर रविवारी, पाणी तेव्हाच निम्मं, पाईपला ब्रश दोन महिन्यांनी, आणि ब्रशच्या आधी आणि नंतर बादली. छाटलेल्या फांद्या गच्चीवर वाळवून मग कचऱ्यात, नाल्यात नाही, मुळा-मुठेत जलपर्णी काय कमी आहे.