बसवलेला शब्द

[सोन्या मारुती चौक. सराफी दुकानामागची खोली. कारागिराचे हात, अगदी जवळून.]

अंगठी लाखेत घट्ट धरलेली आहे. कारागीर चिमट्याने माणिक उचलतो, सोन्याच्या चार बारीक टोकांमध्ये ठेवतो आणि एकेक टोक त्यावर दाबत आणतो. मग नखाने खडा हलवून बघतो. हलत नाही. "बसला," तो म्हणतो.

इंग्रजीत या कामाला 'सेट' म्हणतात. भिंतीपलीकडे, दुकानात, मायलेकी विचारतायत, "दादा, मोत्यांचा सेट दाखवा ना." तोही सेटच. शब्द एक, पण नातं काही दिसत नाही.

नातं नव्हतंच मुळात. खड्याचा सेट अस्सल जुन्या इंग्रजीतला. 'सिट' म्हणजे बसणे, आणि त्याचं प्रयोजक रूप 'सेट', म्हणजे बसवणे. मोत्यांचा सेट मात्र लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला. त्याच्या मुळाशी आहे कुणाच्या तरी मागून जाणं. 'सेक्ट', म्हणजे पंथ, हा त्याचा सख्खा भाऊ. पुढे दोन्ही शब्दांचा उच्चार एक झाला आणि अर्थही एकमेकांत मिसळले. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत 'सेट'चे ४३० अर्थ नोंदवले आहेत.

[तुळशीबाग. मग एक बांधकाम. मग पर्वतीच्या पायऱ्या, संध्याकाळ.]

तुळशीबागेत भातुकलीचा सेट मिळतो. बांधकामावर मुकादम सांगतो, "स्लॅब सेट होऊ दे, पाणी मारत राहा." घरोघरी काळजीनं विचारतात, "पोरगा सेट झाला का?" विद्यापीठाची सेट परीक्षा यात धरायची नाही, ती नुसती आद्याक्षरं. सूर्याला मात्र मराठीनं 'सेट' होऊ दिलं नाही. पर्वतीवरून तो मावळतोच.

[भरत नाट्य मंदिर. विंगेत धावपळ.]

मला सगळ्यात जवळचा सेट इथला. पुरुषोत्तम करंडकाचे, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेचे दिवस. पडदा पडला की पुढच्या कॉलेजची पोरं लेव्हल, चौकटी, खाट घेऊन अंधारात शिरतात. "सेट लावा रे, पटकन!" 'प्रभात' कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आली, तेव्हापासून सिनेमाचे सेटही या शहरानं पाहिले. त्याच जागेत १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे.

रंगमंचावरचा हा सेट खड्याच्या घराण्यातला, म्हणजे बसवलेला. आणि त्यावर ही पोरं गेले दोन महिने काय करत होती? नाटक बसवत होती! इंग्रजी शब्दाची व्युत्पत्ती त्यांना कुणी सांगितलेली नाही. आपल्या भाषेनं स्वतःच्या वाटेनं येऊन नेमकं तेच क्रियापद उचललं. चाल बसते, घडी बसते, विश्वास बसतो. म्हणून 'सेट' मला कधी परका वाटला नाही.

[भाद्रपद. पेठेतलं एक घर.]

आजोबा मूर्ती चौरंगावर ठेवतात. दोन पावलं मागे येऊन बघतात, पुन्हा पुढे होऊन तिला बोटभर डावीकडे सरकवतात. दारातून शेजारच्या काकू विचारतात,

"बसले का गणपती?"

"बसले. या, आरतीला या."